मुलांच्या हातात खरी करवत द्यायची तर: आधी क्लॅम्प, मग हत्यार

दोन वर्षांपूर्वी आमच्या किचनचं फर्निचर सुरू होतं तेव्हा काम करणाऱ्या वाढई भाऊंजवळ (आमच्याकडे नागपुरात सुताराला वाढई म्हणतात) माझी मुलगी शाळेतून आली की जाऊन बसायची, ती तेव्हा सात वर्षांची होती, आणि एक दिवस त्यांनी तिच्या हातात खरीखुरी करवत दिली. मी फोन टाकून धावत आले. पण त्यांनी आधीच पाइनचा तुकडा टेबलाच्या काठाला क्लॅम्पनं घट्ट आवळून ठेवला होता आणि तिला सांगत होते, "बाई, लाकूड धरायचं काम याचं. तुझे दोन्ही हात मुठीवर." तिला तो तुकडा कापायला वीसेक मिनिटं लागली, मधे दोनदा दमून बसली, आणि रात्री तो दोन इंचाचा ठोकळा उशीजवळ घेऊन झोपली.

नंतर मीच त्यांना विचारून विचारून शिकले. आता दर रविवारी सकाळी गच्चीवर माझी दोन्ही मुलं (मोठी नऊ, धाकटा सहा) आणि बिल्डिंगमधली दोन-तीन पोट्टी लाकूडकाम करतात. दोन वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: मुलांना लागतं ते करवत चालवणाऱ्या हाताला नाही लागत, लाकूड धरलेल्या दुसऱ्या हाताला लागतं. त्या दुसऱ्या हाताला काम देऊन टाकलं, म्हणजे तोही हत्याराच्या मुठीवर आणला, की निम्मी भीती तिथंच संपते. खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून याच मुद्द्यावर येतं.

खेळण्यातला टूल-सेट नको

मुलांसाठी म्हणून जे रंगीत सेट मिळतात त्यातली करवत कापत नाही आणि हातोडी इतकी हलकी असते की खिळ्यावरून उडते. मग मूल काय करतं तर अंगातली सगळी ताकद लावतं, आणि ताकद लावलेलं हत्यार सटकलं की कुठं जाईल ते कोणाच्याच हातात नसतं. धार असलेलं हत्यार हलक्या हातानं चालतं म्हणून ते ताब्यात राहतं. हे मोठ्यांना पटायला वेळ लागतो, माझ्या सासूबाईंना तर सहा महिने लागले, पण घरात विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईला समजावताना मी एवढंच विचारलं की आई, बोथट विळीवर बोट जास्त कापतं की धारेच्या? त्या म्हणाल्या बोथट.

तर हत्यार खरं घ्यायचं, फक्त साइज मुलाच्या हाताचा.

कुठल्या वयात काय

माझा अंदाज असा: चार-पाच वर्षांचं मूल खिळे ठोकू शकतं, पॉलिश पेपर घासू शकतं, फेविकॉल लावू शकतं. सहा-सातला करवत, हातानं फिरवायचं ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर. आठ-नऊला छोटा रंधा, कानस. पटाशी (लाकूड कोरायचं सपाट धारेचं हत्यार) आणि चाकू दहाच्या आसपास, त्याआधी मी देत नाही. विजेवर चालणारं काहीही, ड्रिल मशीन धरून, या वयात अजिबात नाही, कारण तिथं चूक कळायच्या आत होऊन गेलेली असते.

वयापेक्षा एक गोष्ट बघा. "थांब" म्हटल्यावर मूल हात जागच्या जागी थांबवतं का? थांबवत असेल तर तयार आहे. आठ वर्षांचं मूल त्या दिवशी चिडलेलं असेल, झोप झाली नसेल, तर त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी.

जागा आणि टेबल

गच्ची, अंगण, बाल्कनी, कुठंही चालेल, उजेड भरपूर पाहिजे. टेबलाची उंची मुलाच्या मनगटाएवढी, म्हणजे मूल सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगट जिथं येतं तिथं. सहा वर्षांच्या मुलाला हे साधारण ५० ते ५५ सेंटीमीटरवर येतं. ओट्याच्या उंचीच्या टेबलावर काम दिलं तर कोपर खांद्याच्या वर जातो आणि करवत वाकडीच जाते, मग मूल म्हणतं मला जमत नाही. मोठ्या टेबलाला मुलाची उंची पुरत नसेल तर रुंद आणि न हलणारा पाट पायाखाली द्या, स्टूल नको.

टेबल हलता कामा नये. आमचा जुना स्टडी टेबल आहे, त्याच्या खालच्या फळीवर चार विटा ठेवल्यात आणि एक बाजू भिंतीला टेकवलीय.

जुने वाढई जमिनीवर बसून लाकूड पायाच्या बोटांत धरून कापायचे, अजूनही कुठं कुठं दिसतात, आणि मुलं ते बघून हुबेहूब तसंच करायला जातात. ती पन्नास वर्षांच्या सवयीची गोष्ट आहे. मुलांना कौतुकानं दाखवा पण करू देऊ नका.

हत्यारं काय घ्यायची

मी इतवारीत लोहा ओळीत जाऊन घेतली, दुकानदार आधी मुलांसाठी म्हटल्यावर जरा बघतच राहिला पण मग त्यानंच हलकी हातोडी शोधून दिली. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तिथंही हे सगळं मिळतं. मुलाला सोबत घेऊन जा, मूठ त्याच्या हातात बसते का ते तिथंच बघता येतं.

सगळ्यात आधी सी-क्लॅम्प, ४ इंची, दोन. एक घेऊन भागत नाही कारण एकाच क्लॅम्पवर फळी गोल फिरते. करवतीच्या आधी हे घ्या, बजेट कमी असेल तर करवत नंतर घ्या पण क्लॅम्प आधी.

हातोडी २०० ते २५० ग्रॅमची. घरात असते ती मागं खिळे उपटायची चीर असलेली हातोडी बहुतेक अर्ध्या किलोच्या आसपास असते, ती मुलाच्या मनगटाला जड होते आणि नेम चुकतो.

करवतीत दोन पर्याय. अगदी लहानांसाठी ६ इंची पात्याचा छोटा हॅक्सॉ, तो खरं तर लोखंड कापायचा पण दात इतके बारीक की लाकडातही हळूहळू आणि न अडकता चालतो. जरा मोठ्या मुलांना १० इंची, पात्याच्या पाठीवर जाड पट्टी असलेली करवत, पट्टीमुळे पातं वाकत नाही. ऑनलाइन जपानी करवती मिळतात, त्या ढकलताना न कापता ओढताना कापतात, ओढताना पातं ताणलेलं राहतं म्हणून सरळ जातं आणि लहान मुलांना ते खूपच सोपं पडतं, पण दात नाजूक असतात, खिळ्यावर गेली की गेली.

याशिवाय चक्री फिरवायचं हँड ड्रिल, ३, ६ आणि ७ एमएमचे बिट, गुण्या (काटकोन आखायचा), स्टीलची पट्टी, एक कानस, खिळे उपटायचा जंबूर, एक स्टार आणि एक साधा स्क्रू ड्रायव्हर, आणि प्रत्येक मुलाला मापाचा सेफ्टी गॉगल. मला हे सगळं मिळून अडीच हजारांच्या आत पडलं.

लाकूड

पहिलं वर्ष फक्त पाइन. नरम, हलकं, खिळा आत जातो, करवत चालते. लकडगंजला आरामशीनवर किंवा टिंबरच्या दुकानात पाऊण इंची पट्ट्यांचे उरलेले तुकडे मागितले की स्वस्तात मिळतात. पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेटचं लाकूडही पाइनच असतं बहुतेक, पण त्यावरचा शिक्का नक्की बघा, परदेशातून माल आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि शेजारी इंग्रजी अक्षरं असतात. एचटी म्हणजे नुसती उष्णता देऊन कीड मारलेली, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला, ते मुलांच्या कामाला नको. शिक्काच नसेल आणि तेलाचे-केमिकलचे डाग असतील तर तेही नको.

सागवानाचा मोह आवरा. आपल्याकडचं चंद्रपूर-आलापल्लीचं सागवान म्हणजे अभिमानाची गोष्ट, पण त्यात सिलिका असल्यानं हत्यारांची धार लवकर जाते, आणि त्याचा भुसा काही मुलांच्या कातडीला खाजतो. बाभळीत तर खिळाच वाकतो. जुन्या चौकटीच्या लाकडात तुटलेले खिळे लपलेले असतात. एमडीएफ आणि प्लाय घासायला देऊ नका, त्यातल्या डिंकासकट धूळ नाकात जाते. घासकाम कुठल्याही लाकडाचं असो, ते उघड्यावर करायचं आणि नाकाला मास्क लावून, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

चार नियम, बस

नियम जास्त केले की मुलं एकही पाळत नाहीत. आमचे चारच आहेत. गॉगल आधी, हत्यार नंतर. लाकूड क्लॅम्पमध्ये असल्याशिवाय करवत-ड्रिल हातात घ्यायचं नाही. हत्यार घेऊन चालायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं तर टेबलावर ठेवायचं आणि त्यानं उचलायचं. काम करणाऱ्याच्या हाताच्या अंतरात दुसऱ्यानं यायचं नाही.

बूट बंद, केस बांधलेले, ओढणी-गळ्यातली माळ काढून ठेवलेली. हातमोजे घालत नाही, त्यानं पकड सैल होते. आणि एका वेळी एकच करवत चालते, बाकीचे घासतात किंवा आखतात, कारण माझे डोळे दोनच आहेत.

पाचवा नियम मोठ्यांसाठी आहे. स्वतःचे हात मागं बांधून उभं राहायचं. खरोखर मागं बांधायचे. मूल अडलं की आपला हात आपोआप पुढं जातो आणि "आण मी करून देते" निघतं तोंडातून, आणि तिथं त्याचं काम संपतं. हात फक्त धोका दिसला तरच पुढं करायचा.

पहिला रविवार: नुसते खिळे

पावसाळ्यात शेवग्याची फांदी मोडतेच कुणाच्या तरी अंगणात. तिचा फूटभर उंचीचा जाडा ओंडका मागून आणा. शेवग्याचं लाकूड एकदम भुसभुशीत, खिळा लोण्यात गेल्यासारखा जातो, आणि जड ओंडका उभा ठेवला की त्याला क्लॅम्प लागत नाही. दीड इंची रुंद डोक्याचे खिळे द्या.

पण इथंही तोच प्रश्न, खिळा धरणारा हात! तो कपड्याच्या चिमट्यात धरायला लावा, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा कुठलाही. बोटं दोन-तीन इंच लांब राहतात. आधी टकटक हलके ठोके, खिळा स्वतःच्या पायावर उभा राहिला की चिमटा काढायचा, आता दोन्ही हात दांड्यावर आणि जोरात. सुरुवातीला मूल दांडा हातोडीच्या डोक्याजवळ धरेल, धरू दे, नेम बसला की हळूहळू हात मागं सरकवायला सांगा. नजर खिळ्याच्या डोक्यावर, हातोडीवर नाही. धाकट्यानं पहिल्या दिवशी ४१ खिळे ठोकले, मोजून.

खिळा वाकला तर जंबूरनं उपटायला शिकवा, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. उपटायची मजा ठोकण्याइतकीच असते त्यांना.

ओंडक्याचा कंटाळा आला की पाइनची पट्टी. तिथं खिळा टोकाजवळ ठोकला की लाकूड चिरतं, मूल हिरमुसतं. वाढई भाऊंनी शिकवलेला उपाय: खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर एक हलका ठोका मारून टोक बोथट करायचं. टोकदार खिळा लाकडाचे रेषे पाचरीसारखे फाकवतो, बोथट खिळा ते तोडत जातो म्हणून चीर पडत नाही. मुलांना हे जादूसारखं वाटतं, दोन्ही करून दाखवा.

आखणं, आणि मग करवत

शाळेत मुलं सेंटीमीटर शिकतात, वाढई बोलतो सुतात. एक इंच म्हणजे आठ सूत, अर्ध्या इंचाची फळी म्हणजे चार सुताची. मी दोन्ही शिकवते. माझ्या मुलीला अपूर्णांक डोक्यात जात नव्हते, पाऊण इंच म्हणजे सहा सूत हे पट्टीवर बोट ठेवून मोजलं तेव्हा पाऊण म्हणजे सहाअष्टमांश हे तिनं मलाच सांगितलं.

गुण्या लाकडाच्या काठाला घट्ट टेकवून रेष मारायची, वरून आणि बाजूनं दोन्हीकडं, म्हणजे करवत खाली जाताना बाजूची रेष दिसते. जो भाग टाकायचाय त्यावर फुली. करवतीचा घाससुद्धा (कापताना भुसा होऊन जातो तो भाग) अर्ध्या सुताच्या आसपास जाडीचा असतो, म्हणून रेषेच्या फुलीकडच्या बाजूनं कापायचं, रेष आपल्या तुकड्यावर शाबूत राहिली पाहिजे. हे नाही पाळलं तर चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे होतात.

आता फळी दोन क्लॅम्पनं टेबलाला आवळा. कापायची रेष टेबलाच्या काठाबाहेर पाहिजे पण दोन इंचांपेक्षा लांब नको, जास्त बाहेर काढली तर फळी थरथरते. मुलाला क्लॅम्प स्वतः आवळू द्या, मग तुम्ही हलवून बघा.

उभं राहणं: एक पाय पुढं, एक मागं, करवत, मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत. तर्जनी मुठीवर न आवळता पात्याच्या दिशेनं सरळ ठेवायची, आपण बोटानं दाखवतो तशी, करवत आपसूक त्या दिशेला जाते. डावखुरं मूल असेल तर फुली आणि उभं राहायची बाजू दोन्ही उलट.

सुरुवात हा सगळ्यात अवघड भाग आहे, पातं लाकडावर नाचतं. मोठी माणसं अंगठ्याचा आधार देऊन सुरू करतात, मुलांना तो आधार मुळीच शिकवू नका. त्याऐवजी कानशीच्या कडेनं रेषेवर छोटी खाच पाडून द्या, पातं त्या खाचेत बसतं. मग तीन-चार वेळा नुसतं आपल्याकडं ओढायचं, अजिबात दाब न देता. खोबण तयार झाली की लांब लांब हात, पात्याची पूर्ण लांबी वापरत. मुलं दोन इंचात घाईघाईनं घासत बसतात, त्यानं दमायला होतं आणि कापत काहीच नाही. मी त्यांना म्हणते झोका कसा पूर्ण जातो आणि पूर्ण येतो, तसा.

पातं अडकायला लागलं तर दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा. वाकडी गेली तर करवत पिळून सरळ करू नका, बाहेर काढा आणि जिथून वाकडी झाली तिथून हलक्या हातानं परत. शेवटचा अर्धा इंच राहिला की वेग कमी, आणि पडणारा तुकडा पकडायचा नाही, पडू द्यायचा. हे मी प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणते कारण तुकडा पडताना बघून मुलाचा हात खाली जातोच, आणि तोच तो दुसरा हात.

भोकं पाडणं

खाली टाकाऊ फळी, वर आपली फळी, दोन्ही एकत्र क्लॅम्प. टाकाऊ फळीमुळे मागच्या बाजूनं लाकूड फुटत नाही. खिळ्यानं आधी खूण ठोकून घ्यायची म्हणजे बिट घसरत नाही. एका हातानं वरची मूठ दाबायची, दुसऱ्यानं चक्री, परत दोन्ही हात कामात. सरळ आहे का ते मुलाला स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसऱ्या मुलाला हाताच्या अंतराबाहेर बाजूला उभं करून बघायला सांगायचं, "डावीकडं कर, अजून थोडं," यात दोघांचीही छान जोडी जमते. बिटला टेप गुंडाळली की किती खोल जायचं ते कळतं. स्क्रू बसवायच्या आधी नेहमी भोक, ४ एमएमच्या स्क्रूला पाइनमध्ये ३ एमएमचं चालतं, आणि स्क्रूला अंगाचा साबण घासला की मुलाच्या ताकदीनंही आत जातो.

काय बनवायचं: तान्ह्या पोळ्याचा नंदी

निव्वळ सराव म्हणून लाकूड कापायला मुलांना आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. फिनलंडनं १८६६ मध्येच शाळेत हस्तकाम सक्तीचं केलं, स्वीडनमध्ये त्याला स्लॉइड म्हणतात आणि तिथं आजही तो शाळेचा विषय आहे, त्यातला मुख्य विचार हाच की मुलानं पहिल्यापासून वापरायची, पूर्ण वस्तू करायची, सोप्याकडून अवघडाकडं जात. आणि आमच्यापासून ७५ किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये जी शिक्षण परिषद झाली, जिच्यातून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धत उभी राहिली, तिथंही हातानं काही बनवता बनवता शिकायचं हेच होतं. हे घरच्या दारात असून मुलांना चाकू-करवत म्हटलं की आपण दचकतो याचं मला वाईट वाटतं.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा (खाऊ-पैसे) मिळतो. बाजारात सुंदर नंदी मिळतात, पण गेल्या वर्षी आम्ही स्वतः केले, पाच रविवार लागले. फक्त सरळ काप आणि गोल भोकं, त्यामुळे सहा-सात वर्षांचं मूलही करू शकतं.

अंग म्हणजे दोन बाय दोन इंची पाइनचा ६ इंच लांब ठोकळा. पाय चार, पाऊण बाय एक इंची पट्टीचे, प्रत्येकी ४ इंच. चारही पाय वेगवेगळे मोजू नका, पहिला कापलेला पाय पट्टीवर ठेवून बाकीचे त्याच्यावरून आखा. पाय अंगाच्या बाजूंना फेविकॉल आणि दोन-दोन खिळ्यांनी. एकच खिळा मारला तर पाय फिरतो. खिळा ठोकायच्या आधी ३ एमएमच्या बिटनं पायाच्या पट्टीत भोक पाडून घ्या, नाहीतर चिरते. डोकं म्हणजे दोन इंची ठोकळ्याचा पुढचा कोपरा तिरका कापलेला. एवढा लहान ठोकळा क्लॅम्पमध्ये नीट बसत नाही, म्हणून तिरका काप लांब लाकडावरच मारायचा आणि ठोकळा नंतर वेगळा करायचा. हा क्रम चुकला तर ठोकळा हातात धरून कापायचा मोह होतो. वशिंड म्हणजे उरलेला छोटा तुकडा, घासून गोल केलेला. शिंगांसाठी डोक्यात तिरकी ६ एमएमची दोन भोकं आणि त्यात वाळलेल्या वाकड्या काटक्या, मुलांना परफेक्ट शिंगं शोधत अख्खी बाग फिरायला मिळते. शेपूट सुतळीचं, टोक उसवलेलं.

खाली ८ बाय ५ इंचाची फळी आणि चाकं. चाकांना ओली फांदी कापू नका, वाळताना ती मधून तडकते. जुन्या पलंगाचा किंवा टेबलाचा गोल पाय मिळाला तर उत्तम, त्याच्या पाऊण इंची चकत्या. चाकाचा मध्य कसा काढायचा हा मुलांसाठी खरा प्रश्न आहे आणि उत्तर गुण्यात आहे: गुण्याचा कोपरा चकतीच्या काठावर ठेवा, त्याच्या दोन भुजा काठाला जिथं छेदतात ते दोन बिंदू जोडा, तो व्यास. चकती फिरवून दुसरा व्यास काढा, दोघं जिथं कापतात तो मध्य. माझ्या मुलीनं हे सहा चकत्यांवर करून बघितलं कारण तिचा विश्वासच बसत नव्हता.

आस म्हणून ६ एमएमची बांबूची काडी. चाकात ६ एमएमचं भोक, काडी तिथं घट्ट बसली पाहिजे, आणि फळीखालच्या पट्ट्यांत ७ एमएमचं, तिथं ती मोकळी फिरली पाहिजे. उलटं केलं तर गाडी ओढताना नंदी घसरत येतो, चाकं फिरत नाहीत. पट्टीच्या भोकात मेण घासा.

रंधा, पटाशी आणि धार

रंधा छोटा, एका हातात मावणारा, पातं केसाएवढंच बाहेर. लाकडाचे रेषे ज्या बाजूला वर चढतात त्या बाजूला चालवायचा, उलटा चालवला की लाकूड उपटून येतं आणि ते लगेच हाताला कळतं. लांब कुरळा छिलका निघाला की मुलं तो जपून ठेवतात. पटाशीला एकच नियम: दोन्ही हात नेहमी धारेच्या मागं, धारेच्या पुढं शरीराचा कुठलाच भाग नाही, आणि लाकूड अर्थातच क्लॅम्पमध्ये. धार लावायचं काम मोठ्यांचं, पथरीवर तेल टाकून, दर दोन-तीन रविवारी. कागदाची कड हवेत धरून कापली जात नसेल तर ती पटाशी मुलाला देऊ नका.

लागलंच तर

थोडंफार लागतं. लाकडाची फास (बारीक काटा) घुसते, हातोडी अंगठ्यावर बसते. फर्स्ट एडचा डबा टेबलाजवळच, आत स्वच्छ गॉज, पट्ट्या, बारीक चिमटा. कापलं तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कपड्यानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उघडून बघू नका. हळद, चहापत्ती काही भरायचं नाही. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील किंवा रक्त थांबत नसेल तर डॉक्टर. धनुर्वाताचं लसीकरण आधीच तपासा, सरकारी वेळापत्रकात पाच-सहाव्या वर्षी बूस्टर असतो आणि पुढचा दहाव्या वर्षी, बरेच जण दहाचा विसरतात.

आणि लागल्यावर "म्हणून सांगत होते" असं म्हणू नका. पट्टी बांधून झाल्यावर मुलासोबत टेबलाजवळ जाऊन बघा की हात नेमका कुठं होता. दर वेळी मूल स्वतःच सांगतं.

रंग, तेल आणि आवराआवर

आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून आणि रेषांच्या दिशेनंच. नंदीला आम्ही पोस्टर कलर आणि गेरू वापरला. पाट, ट्रे, असं हाताळायचं काही केलं तर जवसाचं तेल, विदर्भात चटणीमुळे जवस घरोघरी असतो आणि तेलही घाणीवर मिळतं. पातळ लावायचं, अर्ध्या तासानं पुसायचं, वाळायला आठवडाभर लागतो. त्या तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

हत्यारांसाठी एका प्लायवर प्रत्येकाची बाह्यरेषा मार्करनं काढलीय, त्या रेषेत ते हत्यार टांगायचं. काय परत आलं नाही ते लांबूनच दिसतं, आणि सगळ्या जागा भरल्याशिवाय कोणी खाली जात नाही. पावसाळ्यात शिलाई मशीनचं तेल लावलेल्या फडक्यानं पाती पुसून ठेवा. धाकट्याकडं हे काम आहे, तो आधी क्लॅम्प पुसतो, मग बाकीचं.